श्रीधरची तीन ओळींची उत्तरं

एप्रिलमधल्या एका मंगळवारी माझा धाकटा भाऊ श्रीधर वारला. पुढच्या आठवड्यात त्याची बी.ए.ची परीक्षा होती.

लष्करात वायरलेस सांभाळून निवृत्त झाल्यावर तो बंगळुरात के. आर. पुरमला माझ्याकडे राहायला आला आणि संध्याकाळच्या कॉलेजात दाखल झाला. वर्गातली मुलं त्याला अंकल म्हणत. पहिल्याच वर्षी तो इतिहासात नापास झाला, कारण त्याचं प्रत्येक उत्तर तीन ओळींत संपत होतं. मी इतिहासच शिकवते. स्वल्प तरी लांबव रे, म्हणून मागे लागले. "अक्का, विचारलं तेवढं सांगितलं," तो म्हणाला.

मग एकदा जेवताना, सराव म्हणून, मी त्याला नोकरीतला कुठलाही एक दिवस सविस्तर सांगायला लावला. डोंगरावरच्या एका ठाण्याने मदत मागितली, ते त्याने वर कळवलं, इथवर तो एका दमात आला आणि थांबला... मदत पोहोचायच्या आत ठाणं गप्प झालं होतं. तिथल्या ऑपरेटरचा चेहरा त्याने कधी पाहिला नव्हता, आवाज मात्र रोजचा होता. आपली पाळी घ्यायला दुसरा माणूस येईपर्यंत श्रीधर त्या आवाजाला वायरलेसवर हाका मारत राहिला. पानातला भात गार झाला. पुढेही बोलता बोलता तो मान कलती करून थांबे, जणू पलीकडून काही यायचं आहे. मी विचारत नसे.

त्याच्यासारखेच निवृत्त झालेले तिघं जवान रविवारी आमच्या व्हरांड्यात अभ्यासाला येऊ लागले. त्यांचीही उत्तरं तेवढीच. एवढं लिहायचं तर शाईची रसद कोण पुरवणार, असं त्यांच्यातला तंगराज श्रीधरला चिडवायचा. त्यावर श्रीधर त्यांच्या फौजी हिंदीत एकदा म्हणाला, "थोडक्यात सांगितलं की पुढचं कुणी विचारत नाही. म्हणून आपण थोडक्यात सांगतो."

तंगराजला मुलांमध्ये बसून पेपर लिहायची लाज वाटे. श्रीधर सोबत येणार, या बोलीवर तो तयार झाला होता. श्रीधर गेला त्या आठवड्यातल्या रविवारी तिघंही आले आणि फाटकाशीच उभे राहिले. "अक्का, आता पुढच्या वर्षी बघू," तंगराज म्हणाला. तो पुढच्या वर्षी येणार नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. घरात सुतक होतं. मी व्हरांड्याचं दार उघडलं आणि इतिहासाचा एक प्रश्न विचारला. तंगराजने सुरुवात केली, दोन-तीन वाक्यांत अडखळला...

"पुढे?" मी विचारलं.

तो फाटकाशी उभा राहून बोलत राहिला.

तिघंही परीक्षेला बसले. दोघं पास झाले. परवा श्रीधरने हाक मारल्यासारखं वाटलं, म्हणून स्वयंपाकघरातून मी "आले रे" म्हणाले आणि बाहेर गेले, तर तिथे कुणी नव्हतं.

तंगराजचा एक विषय राहिला आहे. रविवारी तो एकटा येतो, आणि मी शिकवते.