वरच्याचा चौथा सिनेमा

सिनेमा काढण्यासाठीच जन्माला आलेला आणि त्या कामाला पृथ्वीच्या पाठीवर सगळ्यात कमी उपयोगाचा असा माणूस एकच आहे, आणि तो दीड वर्षं आमच्या डमडमच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहत होता. मूळचा कोरियाचा. नाव त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं. मी ते तीनदा म्हणून पाहिलं, तिन्ही वेळा त्याचा चेहरा दात दुखल्यासारखा झाला, तेव्हा मी ठरवलं की याला 'वरचा' म्हणायचं. तरुणपणी सिनेमा शिकायला तो दोन वर्षं कोलकत्यात होता, त्यामुळे त्याला बंगाली येत होतं. मीही यजमानांची विमानतळावर बदली झाली म्हणून इथे आलेली, चौथी शिकलेली बाई. माझं बंगाली भाजीवाल्यांनी शिकवलेलं. आम्ही दोघं बंगालीत बोलायला लागलो की दूधवाला सायकल टेकवून उभा राहायचा. एकदा म्हणाला, "मासीमा, तुम्ही दोघं कुठली भाषा बोलता? थोडी थोडी कळते." मासीमा म्हणजे मावशी. वरचाही मला तेच म्हणायचा.

त्याने पहिला प्रश्न विचारला तो माझं वय काय. भाडं नाही, पाणी नाही, वय. मी सांगितलं, शहात्तर, आणि तुझं? तो निघाला बावन्नचा. हे समजल्याबरोबर तो कमरेत वाकला आणि त्या दिवसापासून माझ्यापुरता सरळ असा कधी झालाच नाही. चहाचा कप दोन्ही हातांनी घ्यायचा. मी उभी असले तर बसायचा नाही. मी भांडी घासायला उभी राहिले की बिचारा अर्धा तास दारात उभा. त्यांच्यात म्हणे मोठ्या माणसाने पहिला घास घेतल्याशिवाय लहानाने जेवायचं नाही. हे मला ठाऊक नव्हतं. पहिल्याच महिन्यात संकष्टी आली. दुपारी मी त्याचं ताट वाढलं, वरण-भात, चवळीची उसळ, आणि हा नुसता बघत बसला. मला वाटलं, याला उसळ आवडली नाही. त्याने विचारलं, तुम्ही कधी जेवणार? मी म्हटलं, चंद्र दिसल्यावर. त्याने मान हलवली. मी आत जाऊन जरा आडवी झाले. चार वाजता उठून पाहते तर ताट तसंच आणि हाही तसाच. संध्याकाळी तो गच्चीवर जाऊन चंद्र शोधायला लागला. आभाळ भरलेलं. पंचांगात चंद्रोदयाची वेळ छापलेली असते हे मी त्याला सांगितलं नव्हतं, आणि चंद्र नाहीच दिसला तर आपण उद्यापर्यंत उपाशी, या तयारीने तो उभा होता. पुढच्या संकष्टीपासून मी त्याच्यासमोर रिकामा हात तोंडाशी नेऊन खोटा घास घ्यायला लागले. देवाला मी फसवलं नाही, कोरियाला फसवलं.

त्याची सगळी कारकीर्द मी भाजी निवडताना ऐकली आहे. त्याने तोवर तीन सिनेमे काढले होते, आणि तिन्ही स्वतः लिहिलेले. पहिल्या सिनेमात एक माणूस पाठीवर कपाट घेऊन गावभर हिंडतो आणि शेवटी ते परत घरी आणतो. मी विचारलं, मग नेलं कशाला? तो म्हणाला, बक्षीस देणाऱ्यांनीही हेच विचारलं, आणि मग बक्षीस दिलं. त्या बक्षिसाच्या जोरावर दुसरा सिनेमा काढला. त्यात तीन बहिणी दोन तास एकमेकींशी बोलत नाहीत. मी म्हटलं, बहिणी आहेत ना, मग खोटं आहे. थिएटरात लोक झोपले, हे तो लपवून ठेवत नसे. उलट एक म्हातारा किती शांत झोपला होता ते कौतुकाने सांगायचा. तिसरा सिनेमा एका बड्या कंपनीचा. मोठमोठे नट, पैसा भरपूर, फक्त शेवट कंपनीने दुसऱ्याकडून लिहून घेतला. तो असा काही आपटला की त्यानंतर सात वर्षं वरच्याला कोणी चहालासुद्धा बोलावलं नाही. मग तो सामान बांधून कोलकत्याला आला, कारण इथे आपण तरुण होतो एवढंच त्याला आठवत होतं.

लिहायची त्याची तऱ्हा वेगळीच. एकेक प्रसंग एकेका कागदावर लिहायचा आणि गच्चीवरच्या दोरीला चिमटे लावून ओळीने टांगायचा. त्याखालून फेऱ्या मारत वाचायचा. माझ्या दोरीवर, माझ्या चिमट्यांनी. एके दिवशी धुणं वाळत घालायला गेले तर उन्हातली सगळी जागा कोरियन कागदांनी अडवलेली. मी शेवटचे चार कागद काढले, पहिल्या टोकाला सावलीत लावून टाकले आणि माझे परकर वाळत घातले. तो आला, वाचू लागला, आणि थांबला. मला विचारलं, "मासीमा, माणूस सुरुवातीलाच का मेला?"

"उन्हात जागा नव्हती," मी म्हटलं.

तो दोन दिवस दोरीखालून फेऱ्या मारत होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, बरोबर आहे, तो आधीच मेलेला पाहिजे. ते कागद पुन्हा काही हलले नाहीत. पुढे या सिनेमाच्या पटकथेबद्दल कोणी काय म्हटलं असेल ते असो, त्यात माझ्या परकरांचा हात आहे.

त्या कागदांवर शेवटी एका लहानशा कंपनीने भरवसा ठेवला. बारा दिवस चित्रीकरण, तेही इथे आमच्याच गल्लीत, सोबत कॅमेरा धरणारा एक आणि आवाज भरणारी एक मुलगी, बस. वरच्याला आनंद व्हायला हवा होता. तो पांढराफटक पडला. कारण हा शेवटचा. त्याच्या मेहुण्याचं तिकडे तळलेल्या कोंबडीचं दुकान आहे. त्यांच्या देशात म्हणे धंदा बुडालेला, नोकरी सुटलेला प्रत्येक माणूस शेवटी कोंबडी तळायला लागतो. मेहुण्याने त्याच्यासाठी शेगडी मोकळी ठेवली होती आणि दर आठवड्याला फोन करून, सिनेमाचं काय, असं गोड आवाजात विचारत होता. मी माझं मत सांगितलं, की कोंबडी तळणं वाईट नाही, लोक निदान जागे राहून खातात. तो हसला नाही. म्हणाला, "मासीमा, मी वाईट सिनेमा काढणारा असेन. पण मी दुसरं काही नाहीच."

आणि मग डुकराचा विषय निघाला. त्यांच्यात कुठलाही सिनेमा सुरू करण्याआधी उकडलेल्या डुकराचं मुंडकं मांडतात, उदबत्ती लावतात, तांदळाची दारू ठेवतात, आणि सगळी मंडळी कपाळ जमिनीला टेकून त्याला नमस्कार करतात. डुकराच्या तोंडात नोटा खोचतात. मुंडकं हसरं असावं लागतं; डुक्कर हसलं तर सिनेमा चालला. तिसऱ्या सिनेमाच्या वेळी कंपनीचे साहेब म्हणाले होते, ही जुनाट थेरं नकोत, आणि पुढे काय झालं ते सगळ्या कोरियाने पाहिलं. डुक्कर कुठे मिळतं याची चौकशीही तो करून आला होता. मी स्पष्ट सांगितलं, माझ्या घरात मुंडकं येणार नाही. आलंच तर ते आणि तू एकाच रिक्षाने परत जाल. त्याने वाद घातला नाही. मोठ्या माणसाशी वाद घालत नाहीत. तो नुसता वर गेला आणि दोन दिवस जेवायला खाली उतरला नाही. गच्चीवर पाहिलं तर दोरी रिकामी. सगळे कागद काढून, एकावर एक ठेवून, सुतळीने बांधलेले.

मला असलं उपोषण आवडत नाही. दुसऱ्याला उपाशी ठेवून आपण जेवायचं म्हणजे पापड मोडतानासुद्धा आवाज होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तांदळाची पिठी काढली आणि उकड काढायला ठेवली. साठ वर्षं मोदक केलेत, मला एक डुक्कर जड नाही. उकड मळून मोठा गोळा केला, पुढे नाकाचा गोल थापला, दोन नाकपुड्या करंगळीने पाडल्या, कानांना सवयीने मोदकासारख्या कळ्या पडल्या, डोळ्यांना मिरे. हसू मात्र सुरीने कापून कोपरे वर चिमटले. मोदकपात्रात मावेना म्हणून मोठ्या पातेल्यावर चाळण ठेवून वाफवलं. वाफेने तोंड आणखी फाकलं. असं प्रसन्न डुक्कर देवाने केलं नसेल. आता कोणी म्हणेल, हे कसं चाललं? तर विष्णूने वराहाचा अवतार घेतला तेव्हा कोणाची परवानगी काढली होती? केळीच्या पानावर ते ठेवलं, अंगणात जास्वंदीशिवाय दुसरं फूल नव्हतं म्हणून जास्वंद वाहिली, दारूऐवजी वाटीभर ताक ठेवलं, वरच्याला जिन्यातून हाक मारली, "तुझं डुक्कर झालंय, माणसं घेऊन खाली ये," आणि हात धुवायला मागे गेले.

तेवढ्यात हळदीकुंकवाचं बोलावणं करायला बँकेतल्या साहेबांची बायको आली. नुकतीच पुण्याहून बदली होऊन आलेली, बोलायला गोड, आणि देवाधर्माची मोठी हौशी. मी बाहेर आले तेव्हा ती हात जोडून, डोळे मिटून उभी होती. मोठे कान, गोल मुख, उकड, जास्वंद. तिचा तरी काय दोष? डोळे उघडून हळूच म्हणाली, "काकू, सोंड?"

आता हिला कोरिया, कोंबडी आणि मेहुणा कुठून समजावायचा? मी म्हटलं, "राहिलीय," आणि तिच्यासाठी चहा टाकायला आत वळले. चहा घेऊन येते तर परातीत उरलेल्या उकडीची तिने लांब सुरेख सोंड वळली होती, डावीकडे वळलेली, वर आडव्या रेघासुद्धा काढलेल्या, आणि बरोबर नाकावर चिकटवून मोकळी झाली होती. बाईचा हात चांगला होता हे कबूल केलं पाहिजे. चहा पिऊन, पुन्हा एकदा नमस्कार करून ती समाधानाने गेली.

मी सोंड काढायला हात पुढे केला आणि जिन्यावर पावलं वाजली. वरचा उतरला, त्याच्यामागे सकाळपासून वर येऊन बसलेले कॅमेरावाला आणि आवाजवाली मुलगी. तिघंही पानासमोर उभे राहिले. मी काय झालं ते सांगितलं. सांगताना माझंच मला हसू यायला लागलं, पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आवरलं. तो वाकला. एका बोटाने हलकेच सोंड वर उचलली आणि खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हसतंय," तो म्हणाला.

मग तिघांनीही तीनतीनदा कपाळ जमिनीला टेकलं. सोंड बाजूला धरून तोंडात नोटा खोचल्या. वरचा मला म्हणाला, घरात सगळ्यात मोठ्या तुम्ही, तुम्ही नमस्कार केल्याशिवाय पूर्ण होत नाही. मी डुकराच्या पाया पडत नाही. पण सोंडेला नाही कसं म्हणणार? मी सोंडेला नमस्कार केला. बाकीच्याचं देवाने बघून घ्यावं. दुपारी त्या तिघांनी नोटा काढून घेऊन त्याचे काप केले आणि लालभडक तिखट लावून कानांसकट संपवलं.

बारा दिवस गल्लीत दुसरा विषय नव्हता. एका प्रसंगात मीही आहे. दारावर भाजीवाला येतो आणि म्हातारी परवलाच्या भावावरून भांडते, एवढंच. मी नेहमीसारखी भांडले, भाजीवाल्याने नेहमीसारखा भाव उतरवला, झालं. वरचा म्हणाला, पुन्हा एकदा. मी म्हटलं, का? भाव उतरला, आता कशाला भांडू? त्याने समजावलं, कॅमेरा वेगळ्या बाजूने लावायचा आहे. कॅमेरा कुठेही लाव, माझं भांडण संपलं. शेवटी त्याने भाजीवाल्याला बाजूला नेऊन भाव परत चढवायला सांगितला. तो मेल्याने असा काही चढवला की मी जे बोलले ते तसंच्या तसं सिनेमात आहे. खाली कोरियन भाषेत त्याचं काय लिहिलंय कोण जाणे. आवाज भरणारी मुलगी मात्र ऐकून ऐकून रडेपर्यंत हसत होती.

तो परत गेला तेव्हा दोन्ही हातांनी किल्ली दिली आणि अंगणात कपाळ टेकून नमस्कार केला. मी म्हटलं, ऊठ, पँट मळेल. तिकडे सिनेमा जोडायचं काम चाललं तेव्हा रोज फोन करायचा. आज शेवट बरा वाटला, आज नाही वाटला, मेहुणा येऊन गेला, मेहुण्याने नवा झारा आणलाय. मी कांदा चिरत ऐकायची. एक दिवस कुठल्याशा दूरच्या देशातून फोन आला. तिथे सिनेमा पहिल्यांदा दाखवला होता. श्वास लागला होता त्याला. "मासीमा," म्हणाला, "लोक उठले नाहीत."

"दारं बंद होती का?" मी विचारलं.

तो इतका हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. त्यानंतर त्याच कंपनीने पाचवा सिनेमा दिला. कुठल्याशा बर्फाच्या डोंगरात आहे म्हणे, आणि पटकथा अजून त्याचीच. मग रोजचे फोन रविवारचे झाले, रविवारचे सणासुदीचे झाले, आणि या पावसाळ्यापासून एकही नाही. माझी मुलगी म्हणते, बघ, विसरला तुला. तिला कळत नाही. ज्याचं काम नीट चाललंय त्याला डमडमच्या म्हातारीला फोन करायला वेळ नसतो, आणि नसावाच. तो रोज फोन करायचा तेव्हा त्याचं काय चाललं होतं ते मी ऐकलंय.

परवा दुपारी फोन वाजला. नंबर लांबलचक, अनोळखी. म्हटलं, वरच्याचं पुन्हा काही अडलं. खुर्ची ओढून बसले आणि मगच उचलला. पाणी गाळायचं यंत्र विकणारी एक मुलगी होती. मला इतकं बरं वाटलं की तिचं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.