बरा झालेला माणूस

दादाच्या उजव्या हाताची पकड आधी गेली. तो पंपांच्या जळालेल्या मोटारींना तांब्याची तार नव्याने गुंडाळून द्यायचा. ती तार बोटांतून सुटायला लागली. वर्षभरात त्याला उचलून बसवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, मोटर न्यूरॉनचा आजार. शरीर हलवणाऱ्या नसा मरत जातात, डोकं शाबूत राहतं. बरं करणारं औषध नाही.

मग औषधं येऊ लागली. मामाचं तेल, शेजारणीचा काढा. दादा म्हणाला, "एका वेळी एकच. नाही तं फरक कायनं पडला, कसं कळन?" दर रविवारी तो स्वयंपाकघरातला वजनकाटा हाताने दाबायचा, मी आकडा लिहायचो. आकडा कमीच होत गेला.

आईच्या हट्टाने आम्ही नरखेडकडच्या एका वैद्याकडे गेलो. शेजारच्या गावातला असाच रुग्ण आपल्या पुड्यांनी चालायला लागला, असं त्याने सांगितलं. पुड्या घेऊन गाडीत बसल्यावर दादा जड जिभेने म्हणाला, "त्या बऱ्या झालेल्याच्या घरी चल."

दार त्या माणसाच्या बायकोने उघडलं.

"ते गेले. दोन वर्षं झाले."

"वैद्य तर म्हणाले, बरे झाले," मी म्हटलं.

"पहिल्या महिन्यात बरं वाटलं होतं. तेव्हा नारळ घेऊन गेलो त्यांच्याकडे. मंग पडूनच राहिले. कोण सांगाले जाते?"

तिने गाडीत बसलेल्या दादाकडे पाहिलं आणि पाणी आणायला आत गेली.

परतताना दादा म्हणाला, "वैद्य खोटं नाही बोलला गा. त्याले माहीतच नाही."

घरी आईने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "पुड्या देल्ल्या. घेतो मी." मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने नजर वळवली.

तिसऱ्या आठवड्यात मधात कालवलेली पुडी त्याच्या घशात अडकली. तो निळा पडेपर्यंत मी पाठ थोपटत होतो. त्यानंतर पोटात नळी घातली. चार महिन्यांनी तो गेला.

तेराव्यानंतर मी एकटाच नरखेडला गेलो. वैद्याला दोघांचंही सांगितलं. त्याने मान खाली घालून ऐकलं. मग म्हणाला, "असं सांगाले आलेले तुमीच पहिले."

बाहेर ओट्यावर माणसं बसली होती. एकाच्या हाताची बोटं थरथरत होती. वैद्याने त्याला आत बोलावलं.