देवदत्त सबनीसांचं नाक

आमच्या ह्यांचं, म्हणजे देवदत्त सबनीसांचं, आयुष्य बिअरच्या कारखान्यातल्या टाक्या हुंगण्यात गेलं. इथे अमेरिकेत, अर्विंगला रिटायर झाले आणि घरात बसून माझं डोकं खायला लागले. मग तासाभरावरच्या ख्रिस्ती मठात बिअर बनवणारा म्हातारा साधू, ब्रदर मार्टिन, भेटला. दर मंगळवारी हे तिकडे. बिअर नासली की नाही, हे नुसत्या वासावरून सांगायचे. मुलांच्या फोनपेक्षा ह्यांना मंगळवारची ओढ जास्त.

कोविडनंतर ह्यांना वास येईनासा झाला. घरात दूध करपलं तरी कळेना.

"ब्रदरना सांगून टाका," मी म्हणाले.

"सांगितलं की संपलं. मग तिथे मला कोण विचारतंय?"

सहा महिने हे ग्लास नाकाला लावून नुसती मान डोलवत राहिले.

त्या मंगळवारी मीच गाडी चालवत होते. मठाची बिअर पहिल्यांदाच बाहेर विकायला जायची होती. लोकांपर्यंत खराब माल गेला, तर मठाचे प्रमुख बिअर कायमची बंद करणार होते. ट्रक दारात उभा. ब्रदरने ग्लास पुढे केला. हे डोळे मिटून हुंगायचं नाटक करू लागले. मला तर दारातूनच व्हिनेगरचा भपकारा आला.

ह्यांनी मान डोलवायला सुरुवात केली.

"अहो, खोटं बोलू नका!" मी ओरडलेच. ह्यांचं एवढं एकच सुख, तेही मीच मोडत होते.

ह्यांनी ग्लास खाली ठेवला. "ब्रदर, मला वास येत नाही. सहा महिने झाले."

ब्रदरचा चेहरा पांढराफटक पडला. "मलाही येत नाही. म्हणून तर तुला विचारत होतो."

"पण बाकीचे ब्रदर रोज पितात ना? कोणीच काही बोललं नाही?" मी विचारलं.

"जेवणाखाण्याबद्दल कुरकुर करायची नाही, असा नियम आहे आमचा."

म्हणजे काय काय मुकाट गिळलं असेल त्या बिचाऱ्यांनी!

ट्रक परत गेला. ब्रदरने टाकीचा नळ मोरीत सोडला. ह्यांनी एप्रन काढून खुंटीला अडकवला. "सॉरी. येतो मी."

"कुठे? टाकी कोण धुणार?" ब्रदरने खुंटीवरचा एप्रन काढून परत ह्यांच्या हातात कोंबला. "नुसत्या नाकासाठी नाही बोलावत तुला. इथे दिवसदिवस कोणी बोलत नाही, देव. मी मंगळवारची वाट बघतो."

ह्यांनी एप्रन बांधला. बाह्या सरसावून टाकीपाशी गेले. मी गाडीची किल्ली पर्समध्ये टाकली आणि दुसरा ब्रश मागितला.