रेडिओवरची माझी बोली

आमचं गाव शाहूवाडीत, मलकापुरापासून आत. भाताची शेती. उंचीमुळं कोल्हापूरच्या कॉलेजात मला बास्केटबॉलच्या संघात ओढलं. तिथं मी खेळलो, नाव कमावलं, आणि गुडघ्याची वाटी सरकली तसा खेळ संपला. पुढं राजारामपुरीतल्या एका शाळेत मुलींचा प्रशिक्षक झालो. मैदानाच्या कडेला उभा राहून ओरडायचो, "अगं पळ की! बघतीस काय!" माझा आवाज पार रस्त्यावर ऐकू जायचा.

त्या आवाजामुळंच रेडिओ केंद्रावरचे एक अधिकारी माझ्याकडं आले. शहरात मुलींच्या कॉलेज संघांची स्पर्धा होती. अंतिम सामन्याचं मराठीतून धावतं वर्णन करायला खेळ जाणणारा माणूस हवा होता. मी हुरळलो. वडिलांना निरोप धाडला, रेडिओ लावा.

एका संघात माझ्याच हाताखाली शिकलेली मुलगी होती. सुरुवातीला मी जपून, पुस्तकातल्यासारखं बोललो. सामना संपत आला, दोन्ही संघ बरोबरीत, आणि ती चेंडू घेऊन निघाली. माझं भान सुटलं.

"टाकला... न्हाय गेला! परत हातात आलाय, आता टाक की गं! बघतीस काय!"

अधिकाऱ्यांनी माझ्यापुढचा माईक ओढून शेजारच्या निवेदकाकडं सरकवला. उरलेला सामना त्यानंच सांगितला. मी तसाच उठून बाहेर पडलो; कोण जिंकलं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

शाळेत शिरलो तर एका सहकाऱ्यानं "टाक की गं!" म्हणत माझ्याकडं खडू फेकला. सगळे हसले. मीही हसलो, कान मात्र तापले होते.

रविवारी गावी गेलो. वडील खुशीत होते.

"सगळी आळी गोळा केलती. आपल्यासारखंच बोललास की!"

ते ऐकून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग रोज सकाळी मी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायला लागलो. बायको शिक्षिका, चहा गाळता गाळता ती माझे 'न' आणि 'ण' दुरुस्त करायची. पुढच्या वर्षी अधिकाऱ्यांनी, बऱ्याच विनवण्यांनंतर, पुन्हा बोलावलं. एकही शब्द घसरला नाही. त्यांनी पाठ थोपटली.

गावी गेलो तेव्हा वडिलांनी हळूच विचारलं, "औंदा तुला बोलावलं न्हाय व्हय? कोण पावणं बोलत हुतं. बोलणं झ्याक, पर खेळ काय डोळ्यापुढं आला न्हाय."

"मीच होतो," मी म्हणालो.

ते "व्हय?" एवढंच म्हणाले आणि बैलांना वैरण टाकायला गोठ्यात गेले. मी सोप्यात तसाच बसून राहिलो. बोलीची लाज वाटली होती, आता त्या लाजेचीच लाज वाटत होती.

पुढं बरीच वर्षं मी सामने सांगितले. केंद्रावर माझ्या शुद्ध भाषेचं कौतुक व्हायचं. गावी मात्र प्रसारणाची वेळ मी पुन्हा कधी कळवली नाही, आणि वडिलांनीही विचारली नाही.