फक्त बघायचं, बोलायचं नाही

पडद्यावर ती बाई चालत होती आणि हॉलमधली माणसं हसत होती.

फरशीवरच्या पिवळ्या पट्टीवरून ती लॅबच्या दारापर्यंत गेली. तिथून परत फिरली. मग निळ्या पट्टीवरून एक्स-रेच्या दारापर्यंत. पुन्हा परत. शेवटी सोनोग्राफीच्या बाकाजवळ थांबली, भिंतीला हात टेकला, आणि तिच्या पायाखालची फरशी ओली झाली. पदर खाली सोडून ती ते झाकायला लागली. पहिल्या रांगेतले एक डॉक्टर म्हणाले, "फुटलं धरण." पुन्हा हशा.

तो व्हिडिओ मी काढला होता.

दवाखाना चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांनी विचारलं, "कुणी घेतलंय शूटिंग? चांगलं आलंय."

मॅनेजर साहेबांनी माझ्याकडं बोट केलं. "ही आपली केसपेपरवरची. त्यांच्यातलीच आहे, म्हणून पेशंट बुजत नाहीत."

अध्यक्षांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "बरं. चहाचं बघ आता."

आणि मी बघितलं. ट्रे घेऊन रांगेरांगेनं फिरले. हसणाऱ्या प्रत्येक माणसाच्या हातात कप दिला.

मी एम.एस.डब्ल्यू. झालेली आहे. आमच्या वस्तीत माझ्याआधी एवढं कुणी शिकलं नव्हतं. हायवेच्या कडेच्या त्या दवाखान्यात तीन वर्षं केसपेपरच्या खिडकीत बसले. नोकरी सोडायचा विचार कितीदा आला. पण आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं डायलिसिस त्याच दवाखान्यात होतं. आठवड्यातून दोनदा. मशीनवर नंबर मिळायला आम्ही चार महिने थांबलो होतो. त्या मशीनला फक्त आबा जोडलेले नव्हते. मीपण होते.

मग पुण्याहून एक मॅडम आल्या. पेशंटला दवाखान्यात काय काय सोसावं लागतं, कुठं अडतं, कुठं भीती वाटते, हे बघून दवाखाना सुधारायचा, हे त्यांचं काम. मला ते फार आवडलं. खरंच आवडलं. खिडकीतून मी रोज तेच तर बघत होते, पण मला कुणी विचारलं नव्हतं. मॅडमनी मला मदतीला मागून घेतलं. मला कानडी येतं, वस्तीवरची बोली येते, म्हणून. माझ्या हातात फोन दिला आणि एक नियम सांगितला.

"पेशंटच्या मागं राहायचं. फक्त बघायचं, बोलायचं नाही. आपण मदत केली की निरीक्षण बिघडतं. खरी अडचण दिसत नाही."

त्या दिवशी ती बाई एकटीच आली होती. पोटात दुखत होतं. डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितली. पाणी प्या, लघवीला जाऊ नका. ती लिटरभर पाणी प्यायली आणि बाकावर बसली. सोनोग्राफीचे डॉक्टर जेवायला गेले. मग ओळखीचे दोन पेशंट मधेच आत घेतले. तीन तास गेले. बाई उठली, कळवळत फिरायला लागली. दारांवरच्या पाट्या सगळ्या इंग्रजी. संडासाच्या दाराला कुलूप. चावी गेटवरच्या वॉचमनकडं, कारण लोक घाण करतात म्हणे.

ती माझ्यापाशी आली. अगदी जवळ. म्हणाली, "बाई, मोरी कुठं हाय गं? लई येळ झाला."

मला माहीत होतं मोरी कुठं आहे. चावी कुणाकडं आहे तेही माहीत होतं. मी फोन तसाच धरून उभी राहिले. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, मग फोनकडं बघितलं. आणि वळली.

पुढचं पडद्यावर सगळ्यांनी बघितलं.

हॉलमध्ये व्हिडिओनंतर मॅडमच्या अहवालातली एक चौकट दाखवली. 'शांताबाई. वय साठ. निरक्षर. सूचना समजत नाहीत.' दवाखान्यात येणाऱ्या पेशंटचा हा नमुना. शांताबाई हे नाव त्यांनीच ठेवलेलं. खाली फोटो त्या बाईचा. मॅडमनी कुलपाचं आणि इंग्रजी पाट्यांचं पण लिहिलं होतं. मॅनेजर साहेबांनी ती पानं काढायला लावली. मॅडमनी काढली.

आठ दिवसांनी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. व्हिडिओ मुंबईला दवाखानेवाल्यांच्या संमेलनात दाखवायचा होता. त्यासाठी पेशंटचं संमतीपत्र पाहिजे. ते आधी घेतलंच नव्हतं. मीपण विचारलं नव्हतं.

"जा, त्या बाईचा अंगठा घेऊन ये," साहेब म्हणाले.

केसपेपरवरून पत्ता काढला. नळदुर्गच्या अलीकडं फाट्यावर उतरून तीन किलोमीटर चालले. विहारामागं घर. बाई दारात ज्वारी पाखडत बसली होती. खरं नाव साखरबाई. तिनं मला लगेच ओळखलं.

"फोनवाली," ती म्हणाली.

मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. व्हिडिओ, हॉल, हसणं. मोरी माहीत असूनही बोलले नाही, तेही सांगितलं. तिचा सुपावरचा हात थांबला. मग म्हणाली, "सुनंला न्हाय सांगितलं म्या. लुगडं तिथंच पिळलं, अन् वल्ल्या लुगड्यानं यष्टीत उभी राहून आले. सीट खराब हुईल म्हणून."

मी कागद पुढं केला. शाईची डबी काढली.

तिनं डबी बाजूला सारली. "अंगठा कशाला? पेन आण. चौथी झालीय माझी. मराठीत पाटी असती तर वाचली नसती व्हय?"

तिनं कागद पूर्ण वाचला. ओळीवर बोट ठेवून, हळू. मग खाली लिहिलं, 'माझी परवानगी नाही.' आणि सही. स मोठा, बाकीची अक्षरं बारीक.

दुसऱ्या दिवशी तो कागद मी साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला, चार तुकडे केले, ड्रॉवरमधून नवा कागद काढला.

"अंगठा कुणाचाही चालतो. तुझा टेकव."

"नाही टेकवणार."

"तुझ्या बापाचा नंबर इथंच आहे ना?"

शाईची डबी उघडी होती. हात पुढं करायला एक क्षण पुरला असता, आणि तो क्षण मी फार जवळून बघितला. मग म्हणाले, "साहेब, ती बाई निरक्षर नाही. मीपण नाही. आणि ती नाही म्हणालीय."

"तुम्हा लोकांना खिडकीत बसवलं हेच चुकलं," ते म्हणाले. "उद्यापासून येऊ नको."

पुढच्याच आठवड्यात आबांची मशीन नादुरुस्त निघाली. फक्त आबांची. घरी येऊन सांगितलं तेव्हा आबा भिंतीकडं बघत म्हणाले, "सोलापूरची पहिली यष्टी कितीला सुटती?"

आता मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही सोलापूरला जातो. येताना आबांना बसवत नाही, माझ्या मांडीवर डोकं टेकून पडतात. मी बरोबर केलं असं ते अजून म्हणाले नाहीत. आई माझ्याशी नीट बोलत नाही. व्हिडिओ मुंबईला दाखवला की नाही मला कळलं नाही. मॅडमना तीनदा फोन केला. उचलला नाही.

बाकीच्या दिवशी मी वस्त्यांवर फिरते. त्या दवाखान्यातून आलेल्या माणसांना आधी विचारते, लिहू का. व्हय म्हणाले तरच लिहिते. कुठं थांबवलं, किती वेळ, कोण काय बोललं. त्यांच्याच शब्दांत. मग वाचून दाखवते, आणि खाली त्यांचं खरं नाव. पहिला कागद साखरबाईनं स्वतः लिहिला. दुसरा माझा आहे. मी काय केलं, ते त्यात आहे.

एकवीस कागद झालेत. सोमवारी धाराशिवला जिल्ह्याच्या आरोग्य ऑफिसात नेणार आहे. तिथले साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणतील. कागद ठेवून जा म्हणतील. मी ठेवून जाणार नाही. एकेक कागद मोठ्यानं वाचीन, आणि शिक्का मारलेली पोच हातात पडल्याशिवाय तिथून उठणार नाही.