पाच वर्षं थांबा, असं मी म्हणालो

मुलुंडला आमची चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली सोसायटी आहे. मी चौथ्या मजल्यावर, थेट गच्चीखाली राहतो. पुढच्या तीस वर्षांत देशाने वीज कुठून आणावी, यावर अहवाल लिहायचे आणि ते सभागृहांत जाऊन समजावून सांगायचे, ही माझी नोकरी. उशीर आपल्याला परवडणार नाही, हे वाक्य मी माइकवर किती वेळा बोललो असेन, देव जाणे.

दुसऱ्या मजल्यावर महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई राहतात. सगळी बिल्डिंग त्यांना बाईच म्हणते. गच्चीवर सोलर पॅनेल बसवायचं त्यांनी मनावर घेतलं. पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे त्यावर चालावेत, एवढंच. गुडघे दुखत असताना त्या सह्यांसाठी दारोदार फिरल्या. माझ्याकडे शेवटी आल्या, फाईल माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "तुझी नुसती सही नको रे. तू मीटिंगमध्ये बोल. तुझं ऐकतील."

मी हो म्हणालो.

त्याच वर्षी मी वरचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं होतं. त्याआधीचे दोन पावसाळे बेडरूममध्ये बादल्या ठेवून काढले होते. आता पॅनेलसाठी नेमकं माझ्या डोक्यावर ड्रिल चालणार आणि छत परत गळणार, असं मी धरूनच चाललो. हे बाईंना सरळ सांगता आलं असतं. पण सौरऊर्जेवर भाषणं देणाऱ्यानं स्वतःच्या छताची गळती पुढे करायची, याची लाज वाटली. फाईल मी न उघडताच परत केली.

मीटिंगमध्ये सेक्रेटरी म्हणाले, "तुम्ही यातले एक्स्पर्ट. बोला."

मी उभा राहिलो. "टेक्नॉलॉजी रोज बदलतेय. पाच वर्षं थांबलो तर याहून चांगलं मिळेल. घाई नको."

"मग थांबू या ना," कोणीतरी म्हणालं आणि चर्चा पार्किंगकडे वळली. जिन्यात बाई मला म्हणाल्या, "बरं झालं, तू होतास. मला एवढं कुठे कळतं?"

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, असं लिहिणार होतो. ते खोटं आहे. जेवलो, आणि झोपलोही.

पाच वर्षांनी बाई काठी टेकत, दोनदा थांबत वर आल्या. "झाली पाच वर्षं. आता बोलव माणूस."

पॅनेल बसवणारा आला. बाई हट्टानं गच्चीपर्यंत चढल्या. तोवर पश्चिमेला जुनी बिल्डिंग पाडून टॉवर उभा राहिला होता. त्याच्याकडे बघत तो म्हणाला, "दुपारनंतर इथे सावली. पंपाचं नाही भागणार. जिन्यातले दिवे होतील."

"टॉवर व्हायच्या आधी कडक ऊन होतं इथे," बाई म्हणाल्या. "तेवढी वर्षं गेली."

तो माप घ्यायला पलीकडे गेला तेव्हा मी बोललो. "बाई, तेव्हा मी खोटं बोललो. ड्रिल केल्यावर माझं छत परत गळेल, याची भीती होती."

बाई काठी टेकवून माझ्याकडे वळल्या. "अरे, ड्रिल कशाला लागतंय? सिमेंटच्या ठोकळ्यांवरही बसवतात. माझ्या फाईलमध्ये चित्र होतं. तू उघडलीच नाहीस?"

"नाही उघडली," मी म्हणालो.

"हे सगळ्यांसमोर सांग," त्या म्हणाल्या. "पाच वर्षं मी लोकांना सांगत आले, तो म्हणतोय ते बरोबर आहे म्हणून."

पुढच्या मीटिंगमध्ये सांगितलं. कोणी चिडलंच नाही. "जाऊ द्या हो, होतं असं," सेक्रेटरी म्हणाले. कोणी चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. दिव्यांपुरत्या पॅनेलचा ठराव मंजूर झाला. मग प्रश्न निघाला, दर आठवड्याला पॅनेलवरची धूळ धुणार कोण? मी हात वर केला.

सेक्रेटरी माझं नाव लिहू लागले. बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्याच्याबरोबर अजून एक नाव लिहा. एकट्यावर नको सोडायला."