पाक ऐकणारी मामी

आमच्या मामीइतके तिखट कान या भूतलावर दुसऱ्या कोणाला असतील तर त्या माणसाला मी अजून बघितलेलं नाही, आणि बघायची इच्छाही नाही; एका खानदानाला एक पुरे. लोक स्वयंपाक हाताने करतात, नाकाने करतात, जिभेने तर सगळेच करतात. मामी कानाने करते. नैवेद्य दाखवायच्या आधी पदार्थाची चव घ्यायची नाही, हा तिच्या सासरचा कडक नियम. इतर सुना या नियमाला घाबरून हात आखडता घ्यायच्या आणि सगळ्यांना अळणी जेवायला लागायचं. मामीने सरळ कढईशीच बोलणी सुरू केली. उसळ शिजली का, भाकरी तव्यावरून सुटली का, तीळ भाजून झाले का, सगळं ती ऐकून ठरवते. आणि वर आम्हाला म्हणते, "यात अवघड काय आहे? एकदम सहेलुं आहे. जरा गप्प बसायचं आणि ऐकायचं." अहो, पण आमच्या घरात गप्प बसणं हीच सगळ्यात अवघड गोष्ट आहे, हे तिला कोण सांगणार!

खरी मजा थंडीत. नाताळची सुट्टी लागली की संक्रांत होईपर्यंत बडोद्याच्या मांजलपुरातल्या तिच्या फ्लॅटवर आमच्या सगळ्यांच्या पंगती झडत असतात. पदार्थ म्हणाल तर साधेच. ओल्या तुरीच्या दाण्यांची उसळ, भाजलेल्या वांग्याचं भरीत, बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, गूळपोळी. कुठल्याही घरात होतात. पण एकदा मामीबरोबर खंडेराव मार्केटात भाजी घ्यायला जाऊन बघा. ती पापडीची शेंग कानाशी नेते आणि मोडते. कट् आवाज आला तर घेते. नाही आला तर भाजीवाल्याला म्हणते, "भाई, आ तो कालनी छे." तो बिचारा आईची शपथ घेऊन सांगतो की आजच सकाळी उतरलेली आहे. मग मामी दुसरी शेंग त्याच्या कानाशी मोडते. तो मुकाट्याने मागची टोपली पुढे ओढतो. हल्ली मामी लांबून येताना दिसली तरी टोपल्या आपोआप बदलतात, असं मामा सांगतात. मामा म्हणजे रिफायनरीतून निवृत्त झालेले आणि बोलायचं खातं कायमचं मामीकडे सोपवून बसलेले गृहस्थ. वर्षातून चार वाक्यं बोलणारा माणूस त्यातलं एक थापेवर कशाला खर्च करेल?

मी स्वतः गोरव्यातल्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीवर आहे. यंत्राच्या आवाजावरून त्याचं दुखणं ओळखणं हे माझं पोट भरायचं साधन, त्यामुळे कानांच्या बाबतीत मलाही थोडा माज होता. तो मामीने माझ्या स्कूटरवर मागे बसून उतरवला. बाजारातून येताना, मागून ट्रक हॉर्न मारतोय, पुढे रिक्षा फटफटतेय, आणि ही माझ्या खांद्यावर टिचकी मारून म्हणते, "तुझं मागचं चाक कण्हतंय रे." मी हसलो. दुसऱ्या दिवशी गाडी ढिम्म हलेना. मेकॅनिकने चाक उघडलं तर बेअरिंगचा भुगा! मी त्या दिवसापासून मामीला मागे बसवताना आधी गाडीचं सर्व्हिसिंग करून घेतो.

तिची मुलगी शलाका कॅनडात. तिकडे बर्फात अडकली की ती आईला फोन लावायची आणि फोन कढईशी धरायची. इथून मामी हुकूम सोडायची, "गॅस बारीक कर. हं. आता पाणी आटलं. झाकण काढ, खाली लागतंय!" सातासमुद्रापलीकडची कढई, पण मामीची शिस्त सुटायची नाही. एकदा शलाकाने गंमत म्हणून नुसत्या नळाचा आवाज ऐकवला, तर मामी म्हणाली, "नळ बंद कर आधी, पाणी काय फुकट येतं का तुमच्याकडे?" शलाकाने आधी नळ बंद केला.

आणि तिची संक्रांतीची चिक्की! तिथे मात्र मी हात जोडतो. गूळ उकळत असतो, मामी त्यातला थेंब गार पाण्यात टाकते, त्याची गोळी होते, ती गोळी स्टीलच्या ताटलीवर आपटायची. टप् वाजलं तर पाक कच्चा, चिक्की दातांना चिकटणार. टक् वाजलं तर होत आला. आणि टण्ण वाजलं की त्या क्षणी दाणे आत! पुढे श्वासभर जरी उशीर झाला तरी गूळ कडू. एवढं सगळ्यांनाच माहीत असतं हो. पण टक् आणि टण्ण यांच्या मधे म्हणे आणखी एक आवाज असतो, आणि दाणे हातात घ्यायचे ते तेव्हा. तो आवाज आमच्यापैकी कोणीही आजवर ऐकलेला नाही. त्या वेळी मामा पंखा बंद करायचे, आम्ही खोकला गिळायचो, आणि "दाणे!" अशी आरोळी आली की सगळं घर एकदम श्वास सोडायचं.

यंदा शलाका आपल्या चार वर्षांच्या लेकीला, ईराला घेऊन पहिल्यांदाच संक्रांतीपर्यंत राहायला येणार होती. मामी हरखून गेली होती, पण यायच्या आधीच शलाकाने फोनवर सांगून टाकलं, "आई, तू आता दगदग करू नकोस. उंधियु, चिक्की, सगळं बाहेरून मागवू." मामीचं डोकंच फिरलं. मला म्हणाली, "बघशील तू, माझ्या हातून एक पदार्थ बिघडायचा अवकाश, ही मला स्वयंपाकघरातून उठवणार. मग मी काय करू? सोफ्यावर बसून टीव्हीकडे बघू?"  मामी घाबरलेली मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली.

त्याच आठवड्यात मला एकट्याला चिक्कीची हुक्की आली. कढईत गूळ आणि तूप घातलं, मामीला फोन लावला आणि ओरडून सांगितलं, "मामी, पाक ठेवलाय, ऐक हं!" फोन कढईशी धरला. मामी म्हणाली, "हां, छान फेस आलाय. ढवळत राहा." मी खाली बघितलं. गुळाचे खडे कढईत जसेच्या तसे बसलेले. गॅस पेटवायचाच राहिला होता.

 काहीबाही बोलून मी फोन ठेवला आणि संध्याकाळी मामांना खाली सोसायटीच्या बाकावर गाठलं. त्यांनी वर्षभराची वाक्यं एका दमात संपवली. "वर्ष झालं. मोठ्याने बोललेलं कळतं, बारीक आवाज गेले. डॉक्टरने कानाचं मशीन दिलंय, ते कपाटात पडलंय. शलाकाला कळलं तर स्वयंपाकघर जाईल म्हणते. मला शपथ घातली आहे."

"मग रोजचा स्वयंपाक कसा होतो?" मी विचारलं.

"होतो," मामा म्हणाले. "आणि उत्तम होतो. कसा, ते मलाही कळत नाही."

उत्तरायणचा, म्हणजे आपल्या संक्रांतीचा दिवस उजाडला. त्या दिवशी बडोद्यात पतंगांच्या जोडीला गच्चीगच्चीवर स्पीकर लागतात, हे काय सांगायला हवं? भिंती थरथरत असतात, शेजारचा माणूस काय बोलतो ते त्याच्या हातवाऱ्यांवरून ओळखायचं. म्हणून मामीची चिक्की दरवर्षी आदल्या दिवशीच होते. यंदा मात्र तिने हट्टाने उत्तरायणच्या सकाळीच कढई चढवली. शलाका दारातून ओरडली, "आई, या गोंगाटात काय ऐकू येणार तुला? राहू दे ना, मी मागवते!" मामीने मान वर केली नाही. मामांनी खिडक्या लावल्या, काही उपयोग नाही. मी जीव मुठीत धरून उभा. आज ही फसली तर संपलंच, एवढंच डोक्यात.

मामीने थेंब पाण्यात टाकला. गोळी उचलली. पण ताटली तिने ओट्यावर ठेवली नाही, डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांवर तोलून धरली, डोळे मिटले आणि गोळी आपटली. मान हलवली. परत थेंब, परत गोळी. मला काही ऐकू आलं नाही, शलाकालाही नाही. वर कुठलंतरी गाणं छप्पर उडवत होतं. तिसऱ्यांदा आपटली आणि मामी ओरडली, "दाणे!" दाणे पडले, कढई उतरली, तूप लावलेल्या पाटावर लाटणं फिरलं, सुरीच्या रेघा पडल्या. एक वडी तिने शलाकाच्या तोंडात कोंबली. शलाकाने ती चावली, आणि बघतच राहिली. काय सांगू, काचेसारखी चिक्की!

"कसं कळलं तुला?" शलाकाने ओरडून विचारलं.

मामीने तिच्या ओठांकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "तुम्हाला आज ऐकू येत नाहीये. मला वर्ष झालं. टण्ण आता माझ्या बोटांना कळतं."

तिने हा गोंगाटाचा दिवस का निवडला, ते तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं. मी तोंडात बोटं घालायची तेवढी बाकी ठेवली. शलाकाचा चेहरा मात्र रडवेला झाला. ती काही बोलणार तेवढ्यात मामीने हात पुसले आणि मामांना म्हणाली, "अहो, कपाटातलं ते मशीन आणा. चिक्की झाली, आता लपवायचं कशाला?"

"मग इतके दिवस का नाही लावलंस?" शलाकाने विचारलं.

"कढईपाशी काय कामाचं ते? मोहरी, रिक्षा आणि तुझे बाबा, सगळे एकाच आवाजात बोलतात त्यातून." मग तिने ईराकडे बोट दाखवलं. "हिच्यासाठी हवंय. आल्यापासून ही पोर माझ्याशी बडबडतेय, आणि मी नुसती मान हलवतेय गं. एक शब्द कळला नाही मला."

मामांनी मशीन आणलं, शलाकाने ते आईच्या कानात बसवलं. वरच्या गाण्याने मामी दचकली, कपाळाला आठ्या घातल्या, पण काढलं नाही. मामांनी गच्चीवर निरोप पाठवून आमच्या बिल्डिंगचा स्पीकर तेवढा बंद करवला. मामीने ईराला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "हं, आता बोल." सगळे एवढे टक लावून बघताहेत म्हटल्यावर इतके दिवस अखंड चालणारं ते तोंड एकदम मिटलं. पोरगी लाजली, आजीच्या खांद्यात घुसली, आणि काही सुचेना म्हणून तिने हातातल्या चिक्कीचा तुकडा दातांनी कडकन तोडला.

मामी हललीच नाही. तिचे डोळे भरून आले.

"अजून एक घास घे, बाळा," ती म्हणाली. "इथेच, माझ्या कानाशी."